जर्मनीचा पाडाव कोणी केला?

(माध्यमिक शाळांतील इतिहास-शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. वर्गास शिक्षण खात्यातील अधिकारी व पंचायत समितीचे काही सदस्यही उपस्थित होते.)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो मला एका शिक्षकमित्राच्या पत्रातून मिळाला. त्यांच्या शाळेत सहामाही परीक्षेला एका गुणाचा प्रश्न होता : दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या पराभवास कोणत्या राष्ट्राचा हातभार सर्वांत मोठा होता? काही मुलांनी अमेरिका लिहिले, काहींनी रशिया, काहींनी इंग्लंड. आणि एका मुलाने 'हिवाळा' असे उत्तर लिहिले. मित्राने मला विचारले होते की, गुण कोणाला द्यावा? मी पत्राचे उत्तर लिहावयास बसलो आणि ते उत्तर इतके लांबत गेले की, त्याचेच हे व्याख्यान झाले आहे.

प्रथम एक गोष्ट सांगतो. हाच प्रश्न फ्रान्समध्ये इफॉप या लोकमत अजमावणाऱ्या संस्थेने सामान्य नागरिकांना वेळोवेळी विचारला. मे १९४५ मध्ये, म्हणजे तोफा नुकत्याच थंडावल्या होत्या त्या वेळी, शंभरातील ५७ फ्रेंच नागरिकांनी सोव्हिएत संघाचे नाव घेतले, २० जणांनी अमेरिकेचे आणि १२ जणांनी ब्रिटनचे. २००४ साली हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हा ५८ जणांनी अमेरिकेचे नाव घेतले आणि सोव्हिएत संघाचे नाव घेणारे २० उरले. साठ वर्षांत आकडे जवळजवळ उलटे झाले! मधल्या काळात रणांगणावरचे एक प्रेतही इकडचे तिकडे हललेले नव्हते. बदलली होती ती आठवण. १९४५ साली फ्रान्सच्या रस्त्यांवर अमेरिकन सैनिक प्रत्यक्ष वावरत होते. परंतु चार वर्षे चोरून रेडिओ ऐकणाऱ्या आणि नकाशावर टाचण्या टोचणाऱ्या त्या लोकांना आघाडी कोठे हलते आहे हे ठाऊक होते. त्यांच्या नातवंडांनी नॉर्मंडीचे चित्रपट पाहिले. शीतयुद्धाच्या चाळीसएक वर्षांत पूर्वेकडचे श्रेय पश्चिमेत कोणी आवर्जून सांगितले नाही, आणि पश्चिमेकडच्या मदतीचा उल्लेख पूर्वेत कोणी खुल्या मनाने केला नाही.

तेव्हा आपण आठवणी बाजूला ठेवून नोंदींकडे वळू.

'सर्वांत मोठा' हे मोजावयाचे कशाने? रक्ताने मोजावयाचे असेल तर उत्तराविषयी वाद राहत नाही. जर्मन इतिहासकार रुडिगर ओव्हरमान्स यांनी लष्कराच्या नोंदी तपासून १९९९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार या युद्धात जर्मनीचे सुमारे ५३ लाख सैनिक मृत्यू पावले. त्यांपैकी १९४४ अखेरपर्यंत पूर्व आघाडीवर पडलेले सत्तावीस लाखांहून अधिक होते. त्याच मुदतीत फ्रान्स व पश्चिमेकडे साडेतीन लाखांच्या आत, इटलीत सुमारे दीड लाख. १९४५ च्या अखेरच्या चार महिन्यांत आणखी बारा लाख पडले आणि त्यांतील मोठा भागही पूर्वेकडचाच होता. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा फ्रान्स व शेजारच्या लहान देशांत साठाच्या आसपास जर्मन डिव्हिजन होत्या, इटलीत पंचवीसच्या आसपास, आणि पूर्वेला दीडशेहून अधिक. त्याच महिन्याच्या २२ तारखेस सोव्हिएत सेनेने बेलारूसमध्ये 'बाग्राशन' नावाची मोहीम सुरू केली आणि काही आठवड्यांत जर्मनीचा मध्य सेनासमूह जवळजवळ नामशेष केला. आपल्या पाठ्यपुस्तकांत नॉर्मंडीचे चित्र असते. बाग्राशनचे नावही नसते.

आणि याची किंमत? स्टालिनने १९४६ मध्ये आपल्या मृतांचा आकडा ७० लाख सांगितला. ख्रुश्चेव्ह यांनी १९६१ मध्ये तो दोन कोटींवर नेला. १९९० मध्ये गोर्बाचेव्ह यांच्या कारकिर्दीत जवळजवळ २ कोटी ७० लाख हा आकडा अधिकृतपणे पुढे आला. त्यांत सैनिक सुमारे ८७ लाख. बाकीचे सामान्य नागरिक. एखादे सरकार आपल्याच मृतांचा आकडा चव्वेचाळीस वर्षे दडवून ठेवते, कारण खरा आकडा सांगितला तर १९४१ सालच्या गाफीलपणाचा हिशेब द्यावा लागतो. अधिकारी मित्रांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. लेनिनग्राडचा वेढा ८७२ दिवस चालला आणि त्यात सहा लाखांहून अधिक नागरिक मुख्यतः उपासमारीने गेले. जर्मनांच्या हाती सापडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास कैदेतच मेले. तुलनेसाठी सांगतो : अमेरिकेचे सर्व आघाड्यांवरील, जपानविरुद्धच्या लढाया धरूनही, मृत सैनिक सुमारे चार लाख; ब्रिटनचेही चार लाखांच्या आतबाहेर.

स्टालिनग्राडची झुंज चालू असताना तिचे पडसाद आपल्याकडेही उमटले होते. मुंबईच्या कामगार वस्तीतून अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला. व्होल्गेच्या काठी काय पणाला लागले आहे हे गिरणगावातील श्रोत्यांना फ्रेंच नागरिकांच्या आधीच कळले होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. २ फेब्रुवारी १९४३ रोजी तेथील अखेरच्या जर्मन तुकड्या शरण आल्या. ९० हजारांवर कैदी झाले.

आता त्या 'हिवाळा' लिहिणाऱ्या मुलाविषयी. त्याला कोणी तरी सांगितले असावे की, मॉस्कोच्या वेशीवर जर्मन सैन्य थंडीने गारठले. गारठले हे खरे. परंतु थंडी दोन्ही बाजूंना सारखीच पडते. ५ डिसेंबर १९४१ रोजी मॉस्कोपुढे जो प्रतिहल्ला झाला तो थंडीने केला नाही. थंडीची तयारी ठेवलेल्या ताज्या दमाच्या तुकड्यांनी केला. या उत्तरास मी गुण देणार नाही, परंतु मुलाला जवळ बोलावून शाबासकी देईन. त्याने निदान वेगळा विचार केला.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की, मग प्रश्न सुटला. तो इतका सहज सुटत नाही. रक्ताच्या मापात एक मोठी उणीव आहे : ते 'केव्हा' हा प्रश्न विचारीत नाही. २३ ऑगस्ट १९३९ रोजी याच सोव्हिएत संघाने हिटलरशी अनाक्रमणाचा करार केला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून पोलंडमध्ये सैन्य घुसविले. पुढील पावणेदोन वर्षे सोव्हिएत धान्य आणि तेल जर्मनीस जात होते. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. त्या वेळेपासून २२ जून १९४१ पर्यंत, म्हणजे हिटलरने रशियावर स्वारी करीपर्यंत, युरोपात त्याच्यासमोर उभे राहिलेले मोठे राष्ट्र एकच होते व ते ब्रिटन होय. आपले आणि ब्रिटिशांचे नाते काय होते ते आपण जाणतो. परंतु न्यायाने बोलावयाचे तर त्या वर्षी ब्रिटनने तह केला असता, तर पुढील प्रकरण कदाचित लिहिलेच गेले नसते. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात जी लढाई झाली तिच्यात पोलिश व चेक वैमानिकही होते. जर्मनांच्या 'एनिग्मा' या गुप्तलेखन यंत्राचा भेद प्रथम पोलिश गणितज्ञांनी केला आणि युद्ध सुरू होण्याच्या थोडेच आधी, जुलै १९३९ मध्ये, ती सर्व विद्या इंग्रज व फ्रेंचांच्या हवाली केली. पोलंड स्वतः सुमारे साठ लाख नागरिकांस मुकला. त्यांतील निम्मे ज्यू होते. परंतु विजेत्यांच्या यादीत त्याचे नाव अभावानेच येते.

'ब्रिटन एकटा होता' असे जे म्हणतात त्याकडे आपण पुढे येऊ. आधी अमेरिकेकडे पाहू.

युद्धात रसद हा अर्धा विजय असतो हे महाराष्ट्रात तरी कोणास शिकवावे लागू नये. उसनवार-भाडेपट्टा कायद्याखाली अमेरिकेने मित्रराष्ट्रांना सुमारे ५,००० कोटी डॉलरचा माल दिला. त्यांतील मोठा वाटा ब्रिटिश साम्राज्याला गेला. सोव्हिएत संघास सुमारे १,१०० कोटी डॉलरचा. सोव्हिएत संघाला गेलेल्या या मालात चार लाखांच्या आसपास मोटारट्रक व जीपगाड्या, सुमारे दोन हजार रेल्वे इंजिने, दीड कोटी जोडी बूट आणि अगणित डबाबंद मांस होते. तेहरानच्या परिषदेत ३० नोव्हेंबर १९४३ च्या रात्री भोजनप्रसंगी स्टालिनने स्वतःच सांगितले की, अमेरिकेची यंत्रे नसती तर हे युद्ध आपण हरलो असतो. यजमानांपुढे पाहुण्याने गोड बोलावे हा शिष्टाचार असला, तरी स्टालिन शिष्टाचाराखातर फारसे बोलणारा गृहस्थ नव्हता.

मात्र येथेही तारखा पाहिल्या पाहिजेत. या मालाचा बहुतांश भाग स्टालिनग्राडनंतर पोचला. मॉस्को आणि स्टालिनग्राड येथे जर्मनांना जे अडविले, ते मुख्यतः सोव्हिएत कारखान्यांतील शस्त्रांनी. आणि ते कारखाने कोठे होते? १९४१ च्या उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत दीड हजारांहून अधिक कारखाने यंत्रांसह सुटे करून, आगगाडीवर चढवून, उरल पर्वताकडे आणि त्याहीपलीकडे हलविले गेले. खार्किव्हचा रणगाड्यांचा कारखाना निझनी तागील येथे गेला. एखादे धरण-पुनर्वसन पार पाडताना आपली किती दमछाक होते ते या सभेतील अनेकांना ठाऊक आहे. येथे शत्रूची विमाने डोक्यावर असताना एक अख्खा उद्योगप्रांत उचलून नेला गेला. या कामात मजुरांवर जी सक्ती झाली, ती उपाशीपोटी राबलेल्या बायकामुलांनी सोसली, हेही विसरता येत नाही. सारांश, जर्मन सेनेला रोखले ते सोव्हिएत पोलादाने. तिला बर्लिनपर्यंत मागे रेटताना सोव्हिएत पायदळाच्या अन्नाची व तोफगोळ्यांची ने-आण मोठ्या प्रमाणावर अमेरिकन चाकांवर झाली.

हा माल जाण्याच्या वाटा तीन होत्या : उत्तर ध्रुवीय समुद्रातून मुर्मान्स्क-अर्खांगेल्स्कची, पॅसिफिकमधून व्लादिव्होस्तोकची, आणि इराणमधून जाणारी. इराणच्या वाटेवर आपली माणसे होती. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या भारतीय चालकांनी वाळवंटातून आणि डोंगरातून हे ट्रक पुढे नेले. १९४४ मध्ये या दलातील दोघांना, सुभेदार नारायणराव निक्कम आणि हवालदार गजेंद्रसिंह चंद यांना, सोव्हिएत सरकारने 'ऑर्डर ऑफ द रेड स्टार' हा सन्मान दिला. एक तमिळनाडूचा, दुसरा उत्तराखंडचा. ज्या युद्धाच्या इतिहासात भारताचा उल्लेख शोधून सापडत नाही, त्याच्या सोव्हिएत बाजूलाही भारतीयांची नावे आहेत.

आकाश आणि समुद्र यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण तो प्रेतांच्या संख्येत दिसत नाही. १९४३ पासून ब्रिटिश व अमेरिकन बॉम्बफेकी विमानांमुळे जर्मनीला आपली लढाऊ विमाने आणि विमानविरोधी तोफा पूर्वेकडून काढून स्वतःच्या शहरांवर आणाव्या लागल्या. ज्या तोफा रणगाडे फोडण्यास उपयोगी पडत, त्या हजारोंच्या संख्येने आकाशाकडे तोंड करून बसल्या. त्या बॉम्बफेकीत जर्मन नागरिकही लाखांनी मेले. तिच्या नैतिकतेविषयी मतभेद आहेत आणि ते असावयासच हवेत. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्यांचा कणा मे १९४३ च्या सुमारास मोडला. ती वाट बंद पडली असती तर ब्रिटन उपाशी राहिला असता आणि नॉर्मंडीवर उतरावयास सैन्यच जमले नसते.

आता कोकणातील श्रोत्यांचे लक्ष मी मुद्दाम वेधतो. युद्धाच्या प्रारंभी ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील खलाशांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतीय होता. सिल्हेट-चितगावचे, गोव्याचे आणि आपल्या रत्नागिरी किनाऱ्यावरचे हे लोक जहाजाच्या पोटात भट्ट्यांपुढे कोळसा ओढीत. पाणसुरुंगाचा वा टॉर्पेडोचा तडाखा प्रथम तेथेच बसे. भारतीय व्यापारी जहाजांवरील सुमारे सहा हजार खलाशी या युद्धात बुडाले. त्यांच्या नावांची स्मरणवही मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात आहे. मुंबईस गेलात तर ती पाहा. रणस्तंभाला निदान कबुतरे तरी भेट देतात. वहीला कोण भेटणार?

हे सारे मांडल्यावर निवाडा करावयाचा प्रसंग टाळता येत नाही. 'सर्वांचाच वाटा होता' असे म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. माझे मत असे : जर्मन भूसेनेचा नाश सोव्हिएत संघाने केला आणि त्या कामात दुसरे कोणीही त्याच्या जवळपास येत नाही. खुद्द चर्चिल यांनी ऑगस्ट १९४४ मध्ये पार्लमेंटात जर्मन सैन्याची आतडी बाहेर काढण्याचे मुख्य काम रशियन सेनेने केल्याचे मान्य केले होते. एका गुणाचाच प्रश्न असेल तर गुण सोव्हिएत संघ लिहिणाऱ्यास द्यावा. परंतु ब्रिटनने पहिले वर्ष आणि अमेरिकेने शेवटची दोन वर्षे पुरविली नसती, तर हाच सोव्हिएत संघ बर्लिनपर्यंत पोचला असता असे छातीठोकपणे सांगणारा इतिहासकार मला भेटलेला नाही. म्हणून माझ्या मित्राला मी कळविले की, प्रश्नच पुढील वर्षी पाच गुणांचा करावा.

आणखी एक सूचना केली. 'रशिया' लिहिणाऱ्या मुलास हळूच दुरुस्त करावे. बेलारूसची जवळजवळ चौथाई लोकसंख्या या युद्धात नष्ट झाली. युक्रेनमधून साठ लाखांहून अधिक माणसे लाल सेनेत लढली. कझाक, उझबेक, जॉर्जियन, आर्मेनियन, सर्वांचे रक्त त्यात होते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. त्यातून पंधरा देश निघाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले तेव्हा याच जुन्या विजयाचा वारसा पुढे केला गेला, आणि एके काळी एकाच खंदकात लढलेल्यांची नातवंडे समोरासमोर उभी राहिली. विजय कोणाचा, हा प्रश्न परीक्षेपुरता राहिलेला नाही, तो असा.

मघाशी मी 'ब्रिटन एकटा होता' या वाक्याकडे परत येईन असे म्हटले होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय प्रतिनिधीस न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. तरीही युद्ध संपेपर्यंत भारतीय सेनेत सुमारे पंचवीस लाख माणसे भरती झाली. सर्व आघाड्या मिळून त्यांतील सुमारे ८७ हजार कामी आली. पोटासाठी गेले, परंपरेने गेले, काही फॅसिझमविरुद्ध लढावयाचे म्हणूनही गेले. सक्ती नव्हती, पण ज्या घरात दोन एकर कोरडवाहू आणि सहा खाणारी तोंडे असतात तेथे सक्ती कशाला म्हणावयाचे? युद्धखर्चासाठी भारताचा माल उधारीवर उचलला गेला आणि युद्धाच्या अखेरीस ब्रिटन भारताचे सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होता. ती रक्कम लंडनच्या खात्यावर जमा होत असतानाच १९४३ मध्ये बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे दुष्काळाने मेली. युद्धातली महागाई, ब्रह्मदेशातून बंद झालेला तांदूळ आणि राज्यकर्त्यांची बेपर्वाई ही त्याची कारणे. जर्मनीच्या पराभवाच्या कोणत्याही हिशेबात हे तीस लाख धरले जात नाहीत.

इटलीच्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक होते आणि त्यांतील पावणेसहा हजारांच्या आसपास तेथील मातीत मिळाले. त्या वेळी इकडे साताऱ्यात प्रतिसरकार चालू होते. ज्या मुलखात नाना पाटलांचे साथीदार इंग्रजी सत्तेला आव्हान देत होते, त्याच मुलखातील तरुण इंग्रजी सेनेत राहून जर्मनांशी लढत होते. यांत विसंगती शोधणाऱ्याने आधी त्या घरांत जाऊन यावे. कित्येक ठिकाणी ती दोन्ही माणसे एकाच भावकीतील असत.

माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पाचव्या रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी अप्पर टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील सर्व जण मेले किंवा जखमी झाले, तेव्हा बावीस वर्षांचे घाडगे एकटेच मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले. काडतुसे संपल्यावर त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना आडवे केले आणि लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले.

दुसरे नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर ते कंपनीचे निरोप्या होते. गोळ्यांच्या वर्षावात, सुरुंग पेरलेल्या काठावरून त्यांनी दोन जखमी सोबत्यांना नदीपार आणले, मग एकट्याने तीन मशिनगन ठाणी बंद पाडली आणि बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्या कंपन्यांना पलीकडे बोलावले. त्यानंतर तेवीस दिवसांनी, २ मे १९४५ रोजी, इटलीतील जर्मन फौजांनी शस्त्रे खाली ठेवली. त्याच दिवशी बर्लिनचे सैन्यही सोव्हिएत सेनेला शरण आले. नामदेव जाधव जिवंत परतले. त्यांचे निधन १९८४ मध्ये झाले.